भट्टीत जाण्याआधी कुणा जाणकाराला तरी दाखवा

मामा जाऊन अकरा वर्षं झाली. नौपाड्यातल्या कुठल्याशा बँकेत त्यांचा लॉकर आहे एवढंच मामीला ऐकून माहीत होतं. किल्ली कधी सापडली नाही. भाडं मामांच्या खात्यातून परस्पर कापलं जात होतं. कोपरीची चाळ पाडली तेव्हा पत्ता बदलला आणि बँकेची पत्रं परत गेली.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सात वर्षं लॉकर कुणी उघडला नाही आणि लॉकरधारकाचा पत्ता लागत नसेल, तर भाडं वेळेवर भरलेलं असलं तरी बँक पुढची कारवाई करू शकते. पत्र परत आलं तर आधी दोन दैनिकांत नोटीस द्यावी लागते, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं. त्यातली मराठी नोटीस शेजारच्या काकूंनी वाचली आणि पेपर घेऊन त्या मामीकडे धावत आल्या. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

गेल्या महिन्यात दोन साक्षीदारांसमोर, व्हिडिओ काढत लॉकर फोडला. आत आजीच्या पाटल्या, एक पोहेहार आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली दोन पिस्तुलं. जोडीची, अगदी एकसारखी.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग अधिकाऱ्यांनी पोलिसांना फोन लावला आणि ते बरोबरच होतं. लॉकरच्या करारात शस्त्रं ठेवायला मनाईच असते. पण मामीचे हात थरथरायला लागले. "अरे, माझ्या म्हातारपणी हे काय वाढून ठेवलंय त्यांनी?" एवढंच ती म्हणत राहिली. पाटल्यांकडे तिने बघितलंही नाही.

मामांचे वडील जव्हार संस्थानात नोकरीला होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि ते ठाण्याला आले. पिस्तुलं तिथून आली की आणखी कुठून, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. परवान्याचा कागदही लॉकरमध्ये नव्हता.

पंचनामा चालू असताना मी ती जवळून पाहिली. ठासणीची. म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची, मागच्या छोट्या नळकांड्यावर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा त्या टोपीवर आपटला की बार. अशी हत्यारं साधारण १८३० ते १८७० च्या काळातली, कारण त्यानंतर काडतुसं आली. नळीवर मुकुट, त्याखाली तिरपे एकमेकांवर आडवे दोन राजदंड आणि बी, पी, सी अशी अक्षरं. हा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचा शिक्का. ते १८१३ साली सुरू झालं आणि प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून तपासल्यावरच हा शिक्का मारला जायचा. १९०४ मध्ये शिक्क्यांची पद्धत बदलली. एवढ्याशा खुणेत केवढा इतिहास दडलेला! आणि माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "गंजलंय सगळं. भंगारात जाईल."

त्या वाक्याने मला झोप लागलेली नाही.

मला बंदुकांचा शौक नाही. ही पिस्तुलं घरी परत द्या असंही मी म्हणत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा हत्याराला सूट आहे. पण आपलं हत्यार त्यात बसतं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. ते पोलिसांकडे जमा करणं हाच मार्ग, आणि आम्ही तेच केलं. ठाणेदार साहेब मामीशी फार समजुतीने बोलले, तिला बसायला खुर्ची दिली.

माझं म्हणणं पुढच्या टप्प्याबद्दल आहे. जमा केलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत कुणी परत नेलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. मालखान्यात चोरीच्या कट्ट्याशेजारी दीडशे वर्षांची जोडी पडून राहणार, दोघांवर सारखीच चिठ्ठी. ती भट्टीत गेली तर कुणाला कळणारही नाही. म्हणून सरकारजमा जुनं हत्यार नष्ट करण्याआधी संग्रहालयाच्या एका माणसाने ते पाहिलंच पाहिजे, असा नियम हवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, पुण्यात केळकर संग्रहालय आहे. जाणकार माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना बोलवायला हवं.

२०१२ साली अमेरिकेत हार्टफर्डला पोलीस लोकांकडची शस्त्रं जमा करून घेत होते. एका बाईंनी वडिलांनी युद्धातून आणलेली रायफल आणून दिली. ती दुसऱ्या महायुद्धातली दुर्मीळ जर्मन बनावट आहे हे तिथल्या पोलिसांनी ओळखलं आणि नष्ट करायचं थांबवलं. बघणाऱ्याला माहिती होती, म्हणून ती वाचली.

नातेवाईकांचे फोन येतात ते "किती लाख मिळतील?" विचारायला. परवान्याशिवाय विकता येत नाही आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरली की खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मामीला पैसे नकोतच. काचेत ठेवली तर नातवंडांना दाखवायला नेईन, म्हणते.

ती जोडी संग्रहालयाला द्यावी, असा अर्ज मी पोलीस आयुक्तालयाच्या नावे लिहिलाय. संग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्यात कुणी ओळखीचं असेल, शस्त्र कायदा जाणणारे वकील असतील, तर कृपया मेसेज करा. सोमवारी अर्ज द्यायचाय, त्याआधी तो कुणीतरी वाचून द्यावा.