फणस आणि दीड टनाचा एसी

पाऊस येतो येतो म्हणून चार दिवस नुसता घाम काढतोय, त्यामुळे पिंपळपेडावर, म्हणजे पारावर, सातपासूनच गर्दी. रूपेशने परत ते केंद्रीय ऊर्जामंत्री खट्टरांचं प्रकरण उकरून काढलं, एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर लावता येणार नाही असा नियम आणणार म्हणाले होते ते. २०२५ च्या जूनमधलं, म्हणजे शिळ्या कढीला ऊत, पण विलासला पेटवायला तेवढी काडी पुरते.

"माझं घर, माझं बिल, मी १६ वर लावीन नाहीतर ६ वर! सरकार कोण सांगणारं?" असं म्हणून त्याने पेडावर हात आपटला, आणि त्याच हाताने मोबाईल काढून एप्रिलचं बिल दाखवलं, साडेसहा हजार, वर म्हणतो सरकारने ह्यावर कायतरी केलं पाहिजे. मध्ये एक मिनिटसुद्धा गेलं नसेल.

दामूबाब चहा फुंकत होते. चाळीस वर्षं मोटरी वाइंड केल्या त्यांनी, आता गुडघ्यांमुळे दुकान मुलाकडे. "१६ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही रे. तुला फोंड्याहून मडगावला जायचंय, टॅक्सीवाल्याला त्याच्याही पुढचं काणकोण सांगितलंस म्हणून तो मडगावला लवकर पोचतो काय? उलट मडगाव आलं तरी थांबणार नाही, मीटर चालूच."

रूपेशला आकडे आवडतात. "ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीवाले सांगतात एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते, म्हणून तर २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो. म्हणजे मी १६ वरून ३३ वर नेला तर १०२ टक्के वाचले, वीज खात्यानेच मला पैसे द्यायला हवेत."

"रिमोट ३० च्या वर जात नाही, नाहीतर तू भाटकार, मोठा जमीनदार झाला असतास," दामूबाब.

पण रूपेशला हसायचा हक्क नाही. त्याने नागपूरच्या मित्राचं ऐकून कूलर आणला होता. नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं म्हणून वारा गार लागतो, इथे हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठे? आठ दिवसांत कपाटातल्या पट्ट्याला बुरशी आली आणि डब्यातले पापड तळूनसुद्धा कुरकुरीत होईनात. तो कूलर आता आमच्या अंगणात आहे, मांजर व्यालंय त्यात.

मी हळूच पंख्यांचं सांगितलं, कारण ते माझं एकमेव शहाणपण. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसीवाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा, ३० च्या आसपास, रोज दहा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे १३-१४ युनिट वाचतात. एसी २६ वर आणि वर हा पंखा एक नंबरवर, बस्स, अंगाला तेवढंच लागतं. विलास म्हणाला पंखा म्हणजे गरिबांचं. मग म्हणे माझा एसी साधा नाही, दीड टनाचा आहे, त्या वजनानेच भिंतीला तडा गेला.

दामूबाबांनी चहा खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं आता काय होणार.

"टन वजनाचा नव्हे रे, बर्फाचा. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढी खोलीतून काढायची ताकद म्हणजे एक टन. आणि तुझ्या खोलीत एवढी उष्णता आली कुठून? पश्चिमेचा फणस कोणी तोडला?"

झालं. फणस निघाला म्हणजे रात्र गेली. तो फणस विलास आणि शेजारी बाबुसो यांच्या मेरेवर, म्हणजे हद्दीवर होता, पानं पडून गटार तुंबतं म्हणून दोन वर्षं भांडण, शेवटी बाबुसो मुलाकडे पुण्याला गेला त्या आठवड्यात ह्याने आडवा केला. बाबुसो अजून ह्याच्या चवथीच्या गणपतीला येत नाही. कौलारू घर पाडून स्लॅब त्याच वर्षी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बरोबर बिछान्यावर ओकतो.

"फणस तीन पिढ्या फुकट सावली धरून उभा होता," दामूबाब म्हणाले, "वर गरे पण देत होता. त्याला काढलंस आणि त्याच्या जागी पगारी गडी ठेवलास, आता पगार मागतो तर रडतोस."

विलासने एक गोष्ट मात्र खरी सांगितली, ती लिहायला हवी. कौलारू घर थंड म्हणणारे मे महिन्यात येतात, जुलैत गळतीखाली टोपं मांडायला कोण येत नाही. दरवर्षी कौलं परतायची, माणूस मिळत नाही, मिळाला तर चढत नाही, आणि माकडं काय कोणाला विचारून उड्या मारतात? दामूबाब ह्यावर गप्पच. त्यांच्या घरालाही स्लॅबच आहे, फक्त वर पांढरा रंग मारून त्यांनी तोंडलीच्या वेलाचा माटव (मांडव) घातलाय.

साडेनऊ झाले तरी कोण उठेना, पिंपळाखाली वारा बरा होता. शेवटी विलासच चपला शोधायला लागला, "चला, खोली गार झाली असणार."

"म्हणजे?"

"येताना चालू करून आलो. गेल्या गेल्या झोपायला बरं. बायको तशीपण हॉलमध्ये पंख्याखाली निजते, तिला एसीने अंग दुखतं."

अडीच तास, १६ वर, रिकाम्या खोलीत. रूपेशने बोटांवर हिशोब चालू केला. दामूबाबांनी फक्त विचारलं,

"कोणासाठी रे, फणसासाठी?"

गाड्यावरचा पोरगासुद्धा आमलेट परतायचं सोडून हसत होता. विलास तरातरा निघाला आणि वळणावरून ओरडला, "उद्या येत नाही मी!"

रोज असंच म्हणतो.