आधी दोघांचं तरी जमू द्या

शेजारी देशांनी मिळून स्थलांतराचं एकच धोरण आखावं, हे तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातलं म्हणणं ऐकायला बरं; पण बसणार कुठे? सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद २०१४च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही. १९५१च्या निर्वासित करारात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ कुणीच नाही.

त्यापेक्षा दोघांदोघांत चालू आहे ते नीट करा. १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळींना इथे व्हिसा लागत नाही. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले वॉचमनदादा नेपाळातल्या कैलालीचे. पोलीस पडताळणीच्या फॉर्मला नेपाळी नागरिकत्वाचा दाखला जोडला, तर 'भाषांतर आणा' म्हणे. अहो, देवनागरीतच आहे की! दोन्ही देशांनी नेमलेल्या मान्यवरांच्या गटाने कराराचा फेरविचार करून अहवाल २०१८लाच तयार केला. आपल्या सरकारने आधी तो हातात तरी घ्यावा.