तांब्याचं वेटोळं

बेळगावात खोटं बोलायचं असेल तर एकाच दुकानात बोलावं. चार दुकानांत चार कारणं सांगितली, की संध्याकाळपर्यंत ती चारही गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर भेटतात, चहा पितात आणि मिळून आपल्या घरी येतात.

माझा भाचा अमेरिकेत असतो. सुट्टीला आला तो यादी घेऊनच. तिकडं तो घरी बिअर करतो. मोड आणून वाळवलेल्या सातूचा तयार पाक डब्यात मिळतो म्हणे. आजवर तो पाण्यात कालवून भागवत होता. आता त्याला थेट धान्यापासून सुरुवात करायची होती, आणि त्याची भांडी इथं घडवून न्यायची होती. "मावशी, उद्यमबागेत वेल्डिंग किती स्वस्तात होतं गं!"

आमचे हे कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनी चष्मा सारखा केला. "कर्नाटक अबकारी कायदा, १९६५. परवान्याशिवाय घरात दारू करता येत नाही." भाच्यानं हात जोडले. इथं काही करायचं नाही, रिकामी भांडी न्यायची. तिकडं १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी सही केलेल्या कायद्यानं मोकळीक आहे. घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन. ह्यांनी पेपराच्या समासात गुणाकार केला. साडेसातशे लिटर! आमच्या घरात वर्षाला तेवढं ताक होत नाही.

पहिलं लागतं पातेलं. करायची २० लिटर, पण पातेलं ४० लिटरचं, कारण उकळायला ठेवताना सातूचा सत्तावीस-अठ्ठावीस लिटर रस असतो, तासभर उकळून तो आटतो, आणि पहिल्या उकळीला उतू जायला बघतो. दुकानदारानं विचारलं, "काय काकू, महाप्रसाद काय?" मी भजनी मंडळातली बाई. या कामात देवाला ओढायला जीभ वळेना. "नाही ओ, केटरिंग सुरू करूलालोय," म्हणून टाकलं. त्यानं कौतुकानं शंभर रुपये कमी केले. हे पहिलं खोटं, आणि तेवढंच फायद्यात पडलं.

त्या पातेल्याला बुडाशी भोक पाडून नळ बसवायचा होता. उद्यमबागेतल्या वेल्डिंगवाल्यानं नवंकोरं पातेलं उलटंपालटं केलं आणि कानडीत विचारलं, "याक बेकरी?" म्हणजे कशाला हवं? मी म्हटलं, सोलरचं पाणी साठवायला. सोलरच्या टाकीला झाकण आणि दोन कड्या का, हे त्यानं विचारलं नाही. शहाणा माणूस.

मग तांब्याची नळी. फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्यांकडं ती वेटोळं करूनच मिळते. भाच्याला तीन-अष्टमांश इंची, पंधरा मीटर हवी होती, पातेल्यात उतरेल अशा बेतानं गुंडाळलेली. उकळता रस झटपट वीस अंशांपर्यंत खाली आणावा लागतो; कोमट राहिला तर यीस्ट कामाला लागायच्या आधी भलतेच जंतू मुक्कामाला येतात. म्हणून वेटोळं रसात बुडवायचं आणि नळीतून गार पाणी सोडायचं. मिस्त्रीनं नळी रंगाच्या डब्यावर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "कशाला ओ काकू?"

"ताक गार करायला."

"ताकाला तांबं?"

आता बघा, तांब्यात ताक कळकतं हे मी सुनेला, नणंदेच्या सुनेला आणि शेजारच्या सुनेलाही शिकवलेलं. पण जीभ घसरली ती घसरलीच. मिस्त्री हसला. "गावाकडं रानात बघितलंय असलं वेटोळं." झालं! मी तावातावानं त्याला फरक समजावला. भट्टीत वाफ नळीच्या आत जाते आणि थेंब थेंब बाहेर पडते. इथं नळीच्या आत पाणी, रस बाहेर, गाळायचं काहीच नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "तुम्हाला बरंच ठाऊक हाय की," म्हणाला. वर सल्ला दिला, की एवढा उपद्व्याप करण्यापरास जांबोटीवरनं चोर्ला घाट उतरावा, गोव्यात स्वस्त पडतंय.

बर्फाची मोठी पेटी पण यादीत होती. तिच्यात बर्फ नाही, गरम पाण्यात भिजवलेला सातूचा भरडा ठेवायचा. ६५ ते ६८ अंशांवर तासभर, म्हणजे पिठाची साखर होते. पण पेटी सामानात बसेना, तेव्हा पिशवीवर भागवायचं ठरलं: पातेल्यातच पिशवी घालायची, तिच्यात भरडा, तास झाला की पिशवी उचलायची आणि पातेलं चुलीवर. मी पुरणाचं फडकं पुढं केलं. भाचा म्हणाला, जाळीदार पाहिजे, आणि पातेल्यापेक्षा घेरदार. शहापुरातल्या शिंप्याकडं पडद्याचं नायलॉन नेलं.

"माप कुणाचं?"

"पातेल्याचं."

शिंप्यानं टेप गळ्यातून काढला आणि परत गळ्यात घातला.

दूध तपासायचा लॅक्टोमीटर मी घरातूनच देत होते. भाच्यानं तोही नाकारला. पाणी १ धरलं तर दुधाच्या दाटपणाचं माप १.०४० च्या आसपास संपतं, त्याचा रस सुरू होतो १.०५० ला आणि आंबून उतरतो १.०१० पर्यंत. मग प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून काचेचा हायड्रोमीटर आणला, माझ्या लोकरी शालीत गुंडाळला. भरडण्यासाठी जातंही काढून ठेवलं होतं मी. वरची तळी जरा उचलून धरली की टरफल शाबूत राहतं, आणि त्याला तेच हवं होतं. टरफलाचं पीठ झालं की रस तुंबतो आणि तुरट होतो. पण विमानात २३ किलोची बॅग. जातं राहिलं.

भाचा सांबऱ्याच्या विमानतळावरून गेला, तांब्याचं वेटोळं अंगरख्यात लपेटून. आम्ही निवांत झालो. चार दिवसांनी भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई दारात. मला दरदरून घाम फुटला. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "काय काय ऐकूलालोय बाई तुझं. सोलर, ताक, पडदे. मला काय त्याचं? केटरिंग चालू केलीस ते खरं न्हवं? एकादशीच्या पारण्याला ऐंशी पानं. मसालेभात आणि कढी."

नाही कुठल्या तोंडानं म्हणू? बोहनीला आगाऊ रक्कम त्यांनी टेबलावर ठेवलीसुद्धा. पातेलं समुद्रापार. त्या गेल्यावर मी पिशवी घेतली, चपला घातल्या.

"दुसरं पातेलं आणतो," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "या खेपेला नळ नको."