उन्हाळी, धणे-जिऱ्याचं पाणी आणि तो फॉरवर्ड

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "लघवीला जळजळ म्हणजे अंगातली उष्णता, धणे-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा घ्या, 3 दिवसांत मुळापासून बरं, लॅबवाल्यांची दुकानं बंद." खाली अजून चार-पाच मुद्दे. मी लॅबमध्ये काम करते, म्हणजे त्या दुकानातलीच, तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

जळजळ म्हणजे उष्णता, हे अर्धं खरंय. ऊन, घाम, पाणी कमी, की लघवी गडद पिवळी होते, जाताना चरचरतं, दिवसभर नीट पाणी प्यायलं की थांबतं, यालाच आपण उन्हाळी लागली म्हणतो आणि त्याला धण्याचं पाणी प्या नाहीतर ताक प्या, काही बिघडत नाही. पण जळजळीसोबत सारखं जावंसं वाटतंय, गेलं की चार थेंब, बाहेर आलं की लगेच परत कळ, ओटीपोट दुखतंय, लघवी गढूळ, तर ते बहुतेक मूत्राशयाचं इन्फेक्शन. बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. बायकांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंमी, पुरुषांची 20 च्या आसपास, म्हणून बायकांना हा त्रास जास्त. (जळजळीबरोबर खाज आणि पांढरं जात असेल तर गोष्ट वेगळी, ती लघवीची नसून योनीमार्गाची असू शकते, तिथे लघवीच्या गोळ्या खाऊन उपयोग नाही.) आता गंमत अशी की साधं इन्फेक्शन काही बायकांचं आपसूक बरं होतं, आणि सगळं श्रेय धण्याला जातं, मग ती बाई दहा जणींना सांगते. मेडिकलमधून आणलेल्या सोड्याच्या सिरपने पण आग कमी होते, जंतू मरत नाहीत.

"ताप आला तरी घाबरू नका, उष्णता बाहेर पडतेय." हे वाचून मला खरंच राग आला. हुडहुडी भरून ताप, बरगड्यांच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाई, शुगरवाले आणि पुरुष यांनी तर तापाची वाटच बघू नये. तान्ह्या बाळाला जळजळ सांगता येत नाही, कधीकधी नुसता ताप असतो.

"कंबर दुखली की मुतखडा, पानफुटीची पानं खा." अहो, कंबर बहुतेक वेळा बसून-वाकूनच दुखते. खड्याचं दुखणं कळा येऊन येतं, पाठीतून जांघेकडे उतरतं, माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो. 5 मिमीच्या आतले खडे बरेचदा आपोआप पडतात, इथेही श्रेय पानफुटीला. खडा आणि ताप एकत्र आले तर मात्र थेट हॉस्पिटल.

सगळ्यात वाईट मुद्दा हा: "लघवी लाल झाली पण दुखत नसेल तर काळजी नको." बरोब्बर उलट! न दुखता रक्त जाणं हेच जास्त काळजीचं, विशेषतः चाळिशीनंतर आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, कारण मूत्राशयाचा कॅन्सर कित्येकदा एवढंच दाखवतो. आणि एकदा दिसतं, मग कित्येक आठवडे लघवी स्वच्छ, की माणूस म्हणतो गेलं. काउंटरवर एक काका आले होते, "रक्त नव्हतं हो, बीट खाल्लं होतं." बीटाने रंग येतो, टीबीच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते, सगळं खरं, पण काकांना आठवेना की बीट खाल्लं कधी. मी म्हटलं काका, बीट की रक्त हे तपासलं की कळेल, आणि रक्त निघालं तर यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरकडे जा, आता लाल नाही म्हणून सोडू नका. धार बारीक होणं, रात्री चार-चारदा उठणं हेही "वय झालं" म्हणून ढकलायचं नाही, पुरुषांनी प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) तपासून घ्यायची.

"इन्फेक्शन सार्वजनिक टॉयलेटमधून होतं, बाहेर जाऊच नका." सीटवरून शक्यता फार कमी. उलट तासन्‌तास धरून ठेवणं आणि जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं, हे आपल्या बायकांचं जास्त मोठं दुखणं. मुंबईत बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या मागणारी 'राइट टू पी' मोहीम उगीच नाही उभी राहिली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 बायका होत्या, निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. म्हणजे पाण्याचं काम आहेच, पण ते पुन्हा होऊ नये म्हणून. झालेलं बरं करायला ते पुरेल असं धरून बसू नका.

राहिलं "अँटिबायोटिक विष आहे". विष नाही, पण गेल्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या खाऊन मग सॅम्पल द्यायला येणं हा त्याहून मोठा वैताग, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) काही उगवत नाही आणि डॉक्टरला अंदाजाने औषध द्यावं लागतं. आणि कृपा करून खोकल्याच्या औषधाची बाटली धुवून त्यात सकाळचं सॅम्पल दुपारी आणू नका, लॅबमधून निर्जंतुक डबी न्या, आधी लघवीची जागा स्वच्छ धुवा, पहिली धार सोडून मधली घ्या, तासाभरात पोचवा.