कार्ड नवे, अर्थिंग जुनेच

फोंड्यात चार संगणकवेडे एकत्र आले की बोलणे एकाच वाटेने जाते: तुझे ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती, सेकंदाला फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, किती मिळतात? २०२२ साली आलेले ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० कार्ड ज्यांनी डोक्यावर घेतले, तेच आता २०२५ च्या ५७५ वॅटच्या ५०९० पुढे त्याला जुनाट ठरवतात. अरे, पण तुमचे काम कोणते? ज्याचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा, त्याला दोनशे फ्रेम दिसणार तरी कुठे? नव्या पिढीची डीडीआर५ रॅम जुन्या डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही, म्हणून मदरबोर्ड नवा, आणि बहुधा त्यापायी प्रोसेसरही! हे सगळे ठेवायचे कुठे, तर गोव्याच्या पावसाळ्यात, जिथे भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी चढते आणि विजेचा लपंडाव चालतो. यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर संगणक सांभाळणारी बॅटरी, आहे का, अर्थिंग तपासले का, पंख्यांवरची धूळ कधी झाडली, हे कोणीच कोणाला का विचारत नाही? गेल्या आषाढात वीज गेली, आली आणि माझ्या मित्राचा पॉवर सप्लाय जळाला. तरीही त्याने यूपीएसची चौकशी न करता थेट नव्या कार्डाची किंमत विचारली, तेव्हा माझा संयम सुटला.