नराची घाई आणि मादीवर दया, नसबंदीच्या बाबतीत आपण बरोबर उलटं करतो

कुत्रा पाळणाऱ्या लोकांमध्ये नसबंदीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि मग नुसती जुंपते. एकीकडे "सहा महिन्याचं झालं की उरकून टाका" वाले आणि दुसरीकडे "निसर्गाच्या विरोधात जायचं नाही" वाले. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही मेल आणि फिमेलचा एकाच दमात निकाल लावतात. अहो ते दोन वेगळे प्रश्न आहेत! ऑपरेशन वेगळं (मादीचं अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात, नराचे अंडकोष), फायदे वेगळे, धोके वेगळे.

आणि प्रत्यक्षात लोक काय करतात बघा. नर वर्षाचा झाला, जरा अंगात आलं, पाहुण्यांच्या पायाला चिकटायला लागला की घरात लगेच चर्चा, याचं ऑपरेशन करून टाकू, शांत होईल. आणि मादी असेल तर "नको गं, एवढंसं पिल्लू ते, पोट कापायचं म्हणजे केवढं मोठं, आणि एकदा तरी आई होऊ दे बिचारीला." म्हणजे जिथे मेडिकल कारण तगडं आहे तिथे दया आणि जिथे थांबलं तरी चालतं तिथे घाई. माझं मत स्पष्ट आहे, पाळीव मादीची नसबंदी करावी, काही ठोस कारण असेल तरच करू नये. नराची मात्र ठोस कारण असेल तर करावी, नाहीतर निदान पूर्ण वाढ होईपर्यंत तरी थांबावं. मी डॉक्टर नाही, पण घरात कायम कुत्री असल्यामुळे वाचन आणि डॉक्टरांचं डोकं खाणं भरपूर झालंय.

मादीचं आधी बोलते कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

कुत्रीच्या शरीराची एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीतच नसते. हीट (म्हणजे माजावर येणं) येऊन गेल्यावर ती गाभण असो वा नसो, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभणपण टिकवणारं हार्मोन, जवळजवळ दोन महिने चढलेलंच राहतं. म्हणजे नर आसपास फिरकला नसला तरी गर्भाशय दर वेळी पिल्लांसाठी तयारी करत बसतं, आतलं अस्तर जाड होतं, त्यात स्राव साठतो. हे साधारण दर सहा-सात महिन्यांनी, आणि आयुष्यभर, कारण कुत्रीला पाळी कायमची थांबणं हा प्रकारच नाही, म्हाताऱ्या कुत्रीलाही हीट येते, फक्त मधलं अंतर वाढतं. अशा दहा-बारा फेऱ्या झालेलं गर्भाशय म्हणजे जंतूंना आयतं घर. हीटमध्ये गर्भाशयाचं तोंड उघडलेलं असतं, जंतू (बहुतेक वेळा ई. कोलाय, म्हणजे आतड्यातलेच) वर चढतात, नंतर तोंड बंद होतं आणि आत पू साठायला लागतो. हाच तो पायोमेट्रा.

स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा काढायची पद्धत जुनी आणि तिथे माद्यांची नसबंदी अगदी कमी प्रमाणात होते, त्यामुळे नसबंदी न केलेल्या माद्यांचं पुढे काय होतं हे बघायला तिथला विम्याचा डेटा फार कामाचा आहे. त्यात दहा वर्षं वयापर्यंत साधारण चार-पाच माद्यांमागे एकीला पायोमेट्रा झालेला दिसतो. चार-पाचात एक! हा काही "कधीतरी कुणालातरी होतं" वाला आजार नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या कुत्रीला आठव्या वर्षी झाला. हीट होऊन महिना-दीड महिना झालेला, तिने खाणं कमी केलं, पाणी मात्र भांडंच्या भांडं प्यायला लागली, घरात शू व्हायला लागली. सगळ्यांना वाटलं वय झालं, किडनीचं काहीतरी असेल. बाहेर पू वगैरे काही दिसत नव्हता कारण तोंड बंद होतं, आणि बंदवाला प्रकार जास्त वाईट, गर्भाशय फुटूही शकतं. सोनोग्राफीत कळलं आणि त्याच रात्री ऑपरेशन. वाचली ती. पण जे ऑपरेशन "एवढंसं पिल्लू ते" म्हणून टाळलं होतं तेच ऑपरेशन, आता म्हाताऱ्या, तापलेल्या, अंगात विष पसरत चाललेल्या कुत्रीवर. दया नक्की कशाला म्हणायचं?

(ज्यांच्या मादीचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी एवढं डोक्यात ठेवा, हीटनंतरच्या दोन-तीन महिन्यांत ती जास्त पाणी प्यायला लागली, उलट्या झाल्या, सुस्त पडली तर "बघू उद्या" करू नका.)

आता स्तनाच्या गाठी. इथे जरा प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९६९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातले आकडे सगळीकडे फिरतात, पहिल्या हीटच्या आधी नसबंदी केली तर धोका न केलेल्या मादीच्या ०.५ टक्के, पहिल्या हीटनंतर केली तर ८ टक्के, दुसऱ्यानंतर २६ टक्के. लोक हे आकडे "८ टक्के कुत्र्यांना कॅन्सर होतो" असे वाचतात, तसं ते नाहीये, ती तुलना आहे. आणि २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं की पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. त्यामुळे मी हा मुद्दा पायोमेट्राच्या खाली ठेवते. पण माद्यांमध्ये या गाठी खूप दिसतात आणि त्यातल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, हे तर डॉक्टर सांगतातच.

"एकदा आई होऊ दे" याच्यावर मी आता वाद घालणंच सोडलंय, फक्त प्रश्न विचारते. पिल्लं किती होतील माहितीये? मोठ्या जातीत आठ-दहा सहज. ती कुणाकडे जाणार, नावं सांगा. "सगळे मागतायत हो आत्तापासून" असं म्हणणारे पिल्लं दीड महिन्याची झाली की फोन उचलत नाहीत. बाळंतपणात अडलं तर रात्री दोन वाजता सिझेरियनला कुठे नेणार? एका बाळंतपणाने तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, याला काहीही आधार नाही. पायोमेट्रा पिल्लं झालेल्या कुत्रीलाही होतो. कुत्रीला "आपल्याला मूल हवं होतं" असं काही वाटत नसतं, हे वाटणं आपलं असतं आणि ते तिच्या अंगावर घालू नये.

बरं, मादीच्या ऑपरेशनचे तोटे नाहीतच असं मी म्हणत नाहीये. झोपेत शू गळणं हा त्यातला खरा तोटा, मोठ्या जातींमध्ये जास्त, आणि कधीकधी ऑपरेशननंतर काही वर्षांनी सुरू होतो. गोळ्यांनी बहुतेक वेळा आटोक्यात येतो पण बऱ्याचदा त्या गोळ्या कायमच्या लागतात. वजन वाढतं, त्यावर खाली बोलते. आणि जातीप्रमाणे गणित बदलतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या टीमने गोल्डन रिट्रीव्हरवर काम केलंय, त्यात गोल्डनच्या माद्यांमध्ये नसबंदीनंतर काही कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं, अगदी उशिरा केलेल्यांमध्येसुद्धा. म्हणून तुमची गोल्डन असेल तर माझं ऐकून लगेच तारीख घेऊ नका, डॉक्टरांशी नीट बसून बोला. ठोस कारण म्हणतात ते हेच.

कधी करायचं? छोट्या जातीची असेल तर पहिल्या हीटच्या आधी, साधारण सहा महिन्यांच्या पुढे. मोठ्या जातीची असेल तर एक हीट होऊ द्यावी आणि ती संपल्यावर दोन-तीन महिने थांबून करावं. हीट चालू असताना शक्यतो नको, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हीटनंतर लगेचही नको, नाहीतर खोट्या गरोदरपणाची लक्षणं, म्हणजे दूध येणं, खेळणी पिल्लासारखी सांभाळत बसणं, हे लांबत जातं.

आता नर.

नराच्या बाबतीत माझा राग मुख्यतः "शांत होईल" या वाक्यावर आहे. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे अंडकोषात तयार होणारं नराचं हार्मोन, कमी झाल्यावर काय कमी होतं? हीटमधल्या मादीच्या मागे पळून जाणं, घरात ठिकठिकाणी शू करून खुणा करणं, चढणं, दुसऱ्या नरांशी काही प्रकारची भांडणं. तेही प्रत्येकाचं नाही आणि पूर्ण नाही, आणि वर्षानुवर्षं सवय मुरली असेल तर आणखीच कमी. पण लीश ओढणं, उड्या मारणं, चपला फाडणं, दिवसभर भुंकणं याचा अंडकोषांशी काय संबंध? दीड वर्षाचा कुत्रा दिवसाला दोनदा दहा मिनिटं फिरणार आणि उरलेला वेळ बाल्कनीत बसणार, तो घर डोक्यावर घेणारच. त्याला व्यायाम आणि ट्रेनिंग हवंय, त्याच्यावर सुरी कशाला.

आणि जो घाबरून चावतो त्याचं तर ऑपरेशनने बिघडूही शकतं. टेस्टोस्टेरॉन कुत्र्याला थोडा बिनधास्तपणा देतं, ते काढलं की भित्रा कुत्रा आणखी भित्रा झाल्याची उदाहरणं आहेत. असा कुत्रा असेल तर आधी वर्तनातलं कळणाऱ्या माणसाकडे जा.

मग मेडिकल फायदे? आहेत, पण त्यांना घाई नसते. प्रोस्टेट वाढणं हे वय झालेल्या बहुतेक नरांमध्ये दिसतं, त्रास व्हायला लागला की तेव्हा नसबंदी केली तरी ती काही आठवड्यांत आकसते. अंडकोषाच्या गाठी बहुतेक वेळा पसरत नाहीत, काढल्या की संपलं. उलट प्रोस्टेटचा कॅन्सर, जो मुळात दुर्मिळ आहे, तो नसबंदी केलेल्यांमध्ये थोडा जास्त दिसतो, म्हणजे "कॅन्सर टाळायला करून घ्या" हे नराला सरसकट लागू होत नाही. एक अपवाद मात्र ठळक, अंडकोष पोटातच अडकून राहिला असेल तर तो काढायचाच, दोन्ही काढायचे, कारण अडकलेल्यात गाठ व्हायची शक्यता कितीतरी जास्त आणि तो दोष पुढच्या पिढीत जातो.

आणि हाडं. वाढ संपवून हाडांची टोकं बंद करण्यात टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोन्सचाच हात असतो. ती लवकर काढली तर हाडं थोडी जास्त लांब वाढतात आणि सांध्यांचं गणित चुकतं. डेव्हिसच्याच २०१३ च्या अभ्यासात ७५९ गोल्डन रिट्रीव्हर होते, त्यात वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या नरांपैकी १० टक्क्यांना हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) होता, न केलेल्यांच्या दुप्पट. २०२० मध्ये त्यांनी ३५ जाती तपासल्या तर छोट्या जातींमध्ये सांध्यांवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे पगसाठी जे वय चालतं ते जर्मन शेफर्डला लावायचं नाही. तरी मोठ्या जातीच्या पाच-सहा महिन्यांच्या नराला "आत्ताच करून घ्या, जखम लवकर भरते" असं सांगितलं जातंच.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार की नसबंदी केलेली कुत्री जास्त जगतात असं सिद्ध झालंय. २०१३ चा तो मोठा अमेरिकन अभ्यास मलाही माहीत आहे, चाळीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी, नसबंदी केलेले नर १३.८ टक्के आणि माद्या २६.३ टक्के जास्त जगल्या. पण बघा ना, त्यातही माद्यांचा फायदा जवळपास दुप्पट! शिवाय नसबंदी न केलेली कुत्री जास्त करून इन्फेक्शनने आणि अपघाताने गेली, नसबंदी केलेली कॅन्सरने. आणि ऑपरेशन करून घेणारा मालक एरवीही कुत्र्याला जास्त जपत असणार, हा भाग त्या आकड्यांतून वेगळा काढता येत नाही.

"मग सगळीकडे पिल्लंच पिल्लं होतील" हा आक्षेप. जिथे कुत्री मोकळी फिरतात तिथे तो शंभर टक्के खरा आहे, तिथे माझं वरचं सगळं बाजूला ठेवून मिळेल त्या वयात दोघांचीही नसबंदी करावी. मी बोलतेय ते घरात राहणाऱ्या, पट्ट्याशिवाय बाहेर न पडणाऱ्या कुत्र्याबद्दल. नॉर्वेमध्ये तर कायद्यानेच योग्य कारणाशिवाय अशी ऑपरेशनं करता येत नाहीत, तरी तिथे रस्ते भटक्या कुत्र्यांनी भरलेले नाहीत, कारण मालक कुत्रा ताब्यात ठेवतात. तेवढी शिस्त आपल्याला जमणार नसेल तर मात्र ते आधीच कबूल करावं आणि नराचंही करून टाकावं, त्यात काही लाज नाही.

ज्यांना नराबद्दल ठरवताच येत नाही त्यांनी डॉक्टरांना डेस्लोरेलिन इम्प्लांटबद्दल विचारून बघा. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी गोळी बसवतात, प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर हार्मोन दाबून ठेवते. सुरुवातीचे एक-दोन आठवडे उलट हार्मोन वाढतं, त्यामुळे घाबरू नका. सगळीकडे मिळत नाही, पण मिळत असेल तर ऑपरेशननंतर आपला कुत्रा कसा वागेल याची ही चांगली ट्रायल आहे.

ऑपरेशन केलंच तर वजनाचं बघा. नसबंदीनंतर कॅलरीची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे खाणं वीसेक टक्क्यांनी कमी करून सुरुवात करायची आणि दर महिन्याला वजन करायचं. "ऑपरेशनमुळे जाडी झाली" म्हणणाऱ्यांच्या घरचं भांडं एकदा मोजून बघावंसं वाटतं मला. आणि तो गळ्यातला कोन टाके निघेपर्यंत ठेवायचा, दहा ते चौदा दिवस, रात्रीसुद्धा.

जाता जाता, हा प्रश्न मला इनबॉक्समध्ये सारखा येतो की घरात नर-मादी दोन्ही आहेत, एकाचंच करणं परवडणार आहे, कुणाचं करू? बहुतेक लोक नराचं करतात कारण ते सोपं आणि स्वस्त. मी म्हणते मादीचं करा. घरातल्या नराचं केलंत तरी बाहेरचा नर आहेच, आणि तिचा पायोमेट्राचा धोका तर तिथल्या तिथेच. आणि तरीही नराचंच करणार असाल तर ऑपरेशननंतर काही आठवडे त्याच्या नळ्यांमध्ये शुक्राणू शिल्लक असतात. तेवढ्यात तिची हीट आली तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, मध्ये दार हवं, नुसती जाळी पुरत नाही.