"लाईट गेली की सोलरही बंद, मग उपयोग काय?" त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, आणि शेवटी मामींनी तो मला एकट्याला पाठवून खाली विचारलं, "अरे हे खरंय का? आम्ही सोलरचे पैसे भरायला निघालोय." मामींच्या पेन्शनचे पैसे आहेत ते, म्हणून नीट उत्तर लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा आहे. छतावर सोलर लावू नका, कारण पावसाळ्यात चार महिने ते बंद असतं, लाईट गेली की तेही जातं, ते बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मात परत देत नाही, स्मार्ट मीटर जोरात पळतो आणि तुमची वीज कंपनीच्या घशात जाते, सगळं गाव सोलरवर चालवणं ही थाप आहे, बिहारमध्ये करून बघितलं आणि फसलं, आणि दहा वर्षांत सगळ्याचं विषारी भंगार होतं. शेवटी "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा".

माझ्या कऱ्हाडच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, दोन पावसाळे काढलेत त्याने, त्यामुळे काही गोष्टी ऐकीव नाही तर रोज मोबाईलवर बघून सांगतोय.

पहिला मुद्दा पावसाळ्याचा. पॅनलला कडक ऊन लागत नाही, उजेड लागतो. ढग असले की वीज कमी होते, बंद होत नाही. आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास पडते. माझ्याकडे जुलैत सलग झड लागली की ३ किलोवॅटचे मिळून दिवसाला ४-५ युनिटच मिळतात, मधे उघडीप मिळाली की ८-९, आणि उन्हाळ्यात १३-१४ पर्यंत जातं. आता गंमत बघा, मे महिन्यात सगळ्यात जास्त मिळेल असं वाटतं पण पॅनल तापलं की त्याची ताकद थोडी कमी होते, म्हणून फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ आणि गार दिवस पण तेवढेच चांगले जातात. मुळात हिशोब वर्षाचा असतो, नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, उन्हाळ्यातले जास्तीचे युनिट पुढच्या बिलात जमा होत जातात, फक्त आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं तेव्हा उरलेल्या युनिटला दर फार कमी मिळतो म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवू नका. ही शेवटची गोष्ट विकणारे सांगत नाहीत. जर्मनीत १ किलोवॅटमागे वर्षाला १००० युनिटच्या आसपास मिळतात, आपल्याकडे १४०० च्या आसपास, आणि तरी त्या देशाने १ लाख मेगावॅटच्या वर सोलर उभं केलंय. तिथल्या डिसेंबरपेक्षा आपला आषाढ नक्कीच उजेडाचा आहे.

आणि आपल्या भागाला तर देवाने दुसरी सोय पण दिलीय. जून ते सप्टेंबर सोलर मंदावतं तेव्हाच सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर वारं जोरात असतं आणि पवनचक्क्या वर्षातली सगळ्यात जास्त वीज त्याच महिन्यांत देतात. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल, २००३ च्या दुष्काळात आपल्याकडे घराघरात बोललं जायचं की पवनचक्क्या ढग हाकलतात म्हणून पाऊस पडत नाही. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, एसटीत आणि बाजारात ही गोष्ट पसरली. मग २००५ ला महापूर आला, २०१९ ला त्याहून मोठा आला, पवनचक्क्या जागेवरच होत्या. दुष्काळाने पोळलेला माणूस कारण शोधतो, त्यात त्याची चूक नाही, पण चुकीचं कारण सापडलं की खरा प्रश्न बाजूलाच राहतो. या मेसेजमध्ये मला तेच दिसतंय.

दुसरा मुद्दा, लाईट गेली की सोलर बंद. हे खरंय. साधं ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेलं सोलर लाईट गेल्यावर दोन सेकंदांच्या आत बंद होतं, आणि ते मुद्दाम तसं बनवलेलं आहे. कारण असं की फॉल्ट काढायला वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याने डीपीवरून लाईन बंद केलेली असते, आणि त्याच वेळी तुमच्या माझ्या छतावरून त्या तारेत करंट गेला तर तो माणूस जागेवर जाईल. आमच्या गल्लीत पावसात भिजत काम करणारी पोरं मी बघितलीत, त्यांच्या जिवापुढे माझा तासाभराचा पंखा काही नाही. लोकांचा गोंधळ "इन्व्हर्टर" या शब्दामुळे होतो. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवाला, लाईट गेली की चालणारा. सोलरचा इन्व्हर्टर वेगळा, तो फक्त पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलतो. लाईट गेल्यावर पण चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, खर्च बराच वाढतो. विक्रेत्याने हे आधी सांगायलाच पाहिजे. मला सांगितलं नव्हतं, माझ्याकडे ज्याने काम केलं त्याने "आता लाईटीची चिंताच नाही" म्हणून सही घेतली आणि पहिल्याच वळवाच्या पावसात घरात अंधार झाला तेव्हा मला कळलं. राग आला होता, अजूनही आहे. पण तो राग अर्धवट बोलणाऱ्या विक्रेत्यावर आहे, सोलरवर नाही.

तिसरा मुद्दा, बनवायला लागते तेवढी वीज परत देत नाही. साफ चूक. सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड उष्णता लागते हे बरोबर, पण आत्ताचं पॅनल आपल्यासारख्या उन्हात ती वीज साधारण एक ते दीड वर्षात भरून काढतं आणि त्यानंतर वीसेक वर्षं चालतं. फार पूर्वीच्या महागड्या पॅनलला हा काळ कितीतरी मोठा होता, तिथून ही गोष्ट चिकटली असावी.

चौथा मुद्दा स्मार्ट मीटरचा, आणि इथे लोकांची भीती मला पूर्ण समजते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात प्रीपेड मीटरला इतका विरोध झाला की सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. तो विरोध योग्यच होता असं माझं मत आहे, रिचार्ज संपला म्हणून मजुराच्या घरातला दिवा रात्री जाणं कुणालाच परवडणारं नाही. आता जे बसतायत ते पोस्टपेड आहेत, बिल महिन्यालाच येतं. मीटर पळतो का? पळत असेल तर पकडायचा रस्ता कायद्यात आहे आणि तो रस्ता कुठलाच फॉरवर्ड सांगत नाही. २०२४ ला ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झालीय, रीडिंगबद्दल तक्रार केली की वीज कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा चेक मीटर लावायचा आणि कमीत कमी तीन महिने दोन्हींचं रीडिंग ताडून बघायचं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, बस. बरेचदा होतं काय की जुना चकतीवाला मीटर झिजून हळू फिरत असतो आणि नवा बरोबर मोजतो, त्यात आपण १०० युनिट ओलांडून पुढच्या स्लॅबमध्ये गेलो की दर एकदम उडी मारतो. पण "बरेचदा" म्हणजे "नेहमी" नाही, म्हणून शंका असेल तर चेक मीटर मागाच.

आणि "तुमची वीज कंपनीच्या घशात" हे तर उलटंच आहे. दुपारी घरात कोणी नसताना छतावरची वीज बाहेर जाते, ती आपल्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांच्या घरात वापरली जाते, आणि मीटर ती तुमच्या नावावर एक्सपोर्ट म्हणून लिहितो. रात्री तुम्ही तेवढे युनिट परत घेता. हे लिहिणारा मीटर नसेल तर खरंच घशात जाईल! शिवाय एका डीपीवर वीस-पंचवीस सोलर झाले की भर दुपारी व्होल्टेज वर चढतं, कधी कधी इन्व्हर्टर त्यामुळे ट्रिप होतात, आणि कुठल्या डीपीवर किती ताण आहे हे मीटरच्या दर पंधरा-तीस मिनिटांच्या नोंदीशिवाय कुणालाच कळत नाही. स्मार्ट ग्रिड म्हणजे मुळात एवढंच, कुठे वीज जास्त झाली आणि कुठे कमी पडली हे तेव्हाच्या तेव्हा कळणं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत तर सूर्य असतानाच्या तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलंय, म्हणजे पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, गिरणी दुपारी चालवली की सोलर नसलेल्या भाडेकरूलाही फायदा. वेळेची नोंद ठेवणारा मीटरच नसेल तर हा फायदा देणार कसा? एक गोष्ट मात्र खरंच विचारण्यासारखी आहे, घरात कोणी नाही हे त्या नोंदींवरून कळू शकतं, मग ती माहिती कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं. "मीटर पळतो" म्हणण्यापेक्षा हे विचारा.

पाचवा मुद्दा बिहारचा. हा मुद्दा लिहिणाऱ्याने अर्धा सांगितला, आणि मला वाटतं सगळ्यात शिकण्यासारखं यातच आहे. जहानाबाद जिल्ह्यातलं धरनई गाव, २०१४ ला तिथे १०० किलोवॅटची सोलर मायक्रोग्रिड झाली, पॅनल, बॅटऱ्या, गावातल्या गावात तारा. तीस वर्षं अंधारात असलेलं गाव उजळलं आणि देशभर बातम्या आल्या. पण ती वीज दिवे, पंखे, मोबाईल एवढ्यापुरतीच होती, फ्रिज लावायचा नाही, आणि युनिटचा दर ग्रिडपेक्षा महाग. थोड्याच दिवसांत सरकारी ग्रिड आली, लोकांनी तर आधीपासूनच "खरी वीज द्या" म्हणून मागणी लावली होती, मग काही वर्षांत बॅटऱ्या मेल्या, त्या बदलायला पैसा कुणाकडे नव्हता आणि सगळं धूळ खात पडलं. म्हणजे पॅनल फसले नाहीत. ग्रिडपासून तोडून, बॅटरीच्या भरवशावर, दुरुस्तीचा निधी न ठेवता केलेली रचना फसली.

आता दुसरीकडे बघा. गुजरातमधलं सूर्यमंदिराचं मोढेरा, २०२२ ला सौरग्राम जाहीर झालं. १३०० च्या वर घरांवर १-१ किलोवॅट, जवळच ६ मेगावॅटचा प्लांट आणि १५ मेगावॅट-तासाची बॅटरी, आणि हे सगळं ग्रिडला जोडलेलं. आपल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी, शंभरेक घरांची वाडी, २०२४ ला राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, इथून गाडीने जाऊन बघून येण्यासारखी आहे. तिथेही ग्रिड तोडलेली नाही. रात्री वीज ग्रिडमधूनच येते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रात्रीसाठी साठवण मोठ्या पातळीवर करता येते, अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, वीज जास्त असताना खालचं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. बॅटरीच आहे ती, फक्त पाण्याची.

आणि सौरगाव म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे छत येतच नाही, शेत येतं. आपल्याकडे शेतीपंपाला आठवड्याच्या पाळीने वीज, कधी दिवसा तर कधी रात्री. माझे चुलते साठीच्या पुढचे आहेत, थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जायचे, बांधावर साप, उसात बिबट्या, आणि चुलती घरात जागी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यासाठीच आहे, सबस्टेशनजवळ सोलर प्लांट उभा करायचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी वेगळी लाईन, त्याच्यावर दिवसा चालवायचा. जिथे ते झालंय तिथे शेतकरी दिवसा पाणी देतो. यातही चूक होते, प्लांट गायरानावर येतो आणि ज्यांची गुरं तिथे चरतात त्यांना कुणी विचारत नाही, बऱ्याच गावांत यावरून वाद झालेत. ग्रामसभेत आधी जागा ठरवा, गुरांची सोय बघा, मग कुंपण घाला. पण फॉरवर्ड वाचून गावाने योजनाच नाकारली तर मेसेज लिहिणारा माणूस रात्री दोनला आमच्या चुलत्यांच्या जागी उसात जाणार नाहीये.

सहावा मुद्दा भंगाराचा, तो पटकन आटपतो. चांगल्या पॅनलला २५ वर्षांची वॉरंटी असते, शेवटीसुद्धा मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास वीज देईल अशी. दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो तो इन्व्हर्टर, ते पैसे बाजूला ठेवा. पॅनलमध्ये वजनाने बहुतेक काच आणि अॅल्युमिनियमची चौकट, जोडणीत थोडं शिसं असतं म्हणून उकिरड्यावर फेकू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलचा समावेश झालाय. प्रत्यक्षात गोळा करायची सोय तालुक्याला अजून दिसत नाही, त्यासाठी आत्तापासून मागे लागायला हवं.

मामींना मी एवढंच कळवलंय की ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० अनुदान आहे, पण पैसे भरायच्या आधी रविवारी घरी या, येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं आणा. त्यांचा वापर महिन्याला दीडशे युनिटच्या आत निघाला तर ३ किलोवॅट घ्यायचंच नाही, १ किंवा २ पुरतं. आणि त्या विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्यायच्यात, लाईट गेल्यावर काय चालणार काय नाही, आणि पाच वर्षं दुरुस्तीला कोण येणार. नारळाच्या झाडाची सावली दुपारनंतर गच्चीवर कुठपर्यंत येते त्याचा फोटो पण पाठवायला सांगितलाय, तो अजून आला नाही.